जहाज उठलं तर टेबल राहील

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरात काय शिजतं ते मला वासावरून कळतं, आणि काय बिनसलं ते भांड्यांच्या आवाजावरून. त्यामुळे समोरच्या ज्योतीरामभाऊंच्या गॅलरीत जहाज बांधलं जातंय, ही बातमी निगडी प्राधिकरणात सगळ्यांत आधी माझ्याकडे होती यात नवल नाही. नवल हे, की ते जहाज शेवटी माझ्याच डीप फ्रीजरमध्ये, मटारांच्या पिशव्यांना टेकून रुतलं. रुतलं म्हणजे मुद्दाम रुतवलं. आपलं जहाज बर्फात अडकावं म्हणून देवाला हात जोडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आधी माणूस सांगते, मग जहाज.

ज्योतीराम चौगुले मूळचे पन्हाळ्याच्या बाजूचे. आयटीआय करून सत्त्याऐंशी साली इकडे आले आणि चिंचवडच्या एका फौंड्रीत चिकटले ते चौतीस वर्षं. काम पॅटर्नमेकरचं. मला लग्नानंतर सात-आठ वर्षं वाटायचं की हे गृहस्थ स्वेटरचे पॅटर्न काढतात. मग एकदा त्यांनीच समजावलं. इंजिनाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात घडवायचा. ते लाकूड वाळूत दाबायचं, अलगद उपसून काढायचं, आणि वाळूत जी पोकळी उरते तिच्यात लोखंडाचा रस ओतायचा. ते लाकूड म्हणजे पॅटर्न. म्हणजे बघा, भाऊंनी जन्मभर जे घडवलं ते कुठल्याच गाडीत बसलं नाही. गाडीत बसलं ते त्यांनी सोडलेल्या पोकळीत तयार झालेलं.

यातली मेख एकच. पॅटर्न वाळूतून सुटला पाहिजे. बाजू सरळ उभ्या ठेवल्या तर उपसताना वाळू ढासळते. म्हणून त्या किंचित तिरक्या ठेवतात, बादली कशी वर रुंद आणि खाली अरुंद असते तशा. या तिरकेपणाला फौंड्रीत म्हणतात ड्राफ्ट. भाऊंच्या डोक्यात हा ड्राफ्ट इतका भिनलाय की माणूस दिसला तरी ते आधी त्याच्या बाजू बघतात. माझा मोदकाचा साचा हातात घेऊन एकदा म्हणाले, "वहिनी, ह्याला ड्राफ्ट कमी पडलाय. म्हणून तुमच्या मोदकाच्या कळ्या तुटत्यात." बारा वर्षं मी तांदळाच्या पिठीला शिव्या घालत होते.

रिटायर होताना भाऊंनी फौंड्रीतून फार काही आणलं नाही. रंधे, पटाशा, कानशी, मोजायच्या पट्ट्या, आणि एक सहा फुटी टेबल, त्याला शेगडीएवढा लोखंडी शेगडा. माफ करा, शिकंजा, लाकूड घट्ट आवळून धरायचा. ते टेबल गॅलरीत बसलं आणि गॅलरी संपली. सावित्रीबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, तुळस कठड्यावर गेली आणि कपडे वाळत घालायची दोरी जिन्यात. सावित्रीबाई पाहुण्यांना घर दाखवताना म्हणतात, "हा हॉल, हे स्वयंपाकघर, आणि ती गॅलरीत बसलीय ती माझी सवत." पण बिल्डिंगमधल्या सोळाच्या सोळा घरांत त्या सवतीवर घडलेलं लाटणं आहे, हेही त्याच सांगतात.

आता जहाज. त्याचं पाप माझ्याकडे येतं.

आषाढात आमच्याकडे तळण झालं. मी कापण्या तळून जुन्या वर्तमानपत्रात पुडे बांधले आणि घरोघर पाठवले. भाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. नवी दृष्टी आल्यामुळे दिसेल तो कागद वाचायचा त्यांनी सपाटा लावला होता, औषधाच्या बाटलीवरच्या एक्सपायरीपासून सुरुवात करून. दुपारी दीडला माझं दार वाजलं. बघते तर भाऊ. एका हातात अर्धी कापणी, दुसऱ्या हातात तेलानं आरपार झालेला कागद.

"वहिनी, हिला ड्राफ्ट दिलाय!"

"कापणीला?"

"जहाजाला!"

पुरवणीच्या त्या पानावर एका जुन्या जहाजाचं चित्र होतं, मधून आडवं कापल्यासारखं. नॉर्वे देशातलं, सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचं, लाकडी. नाव फ्राम. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पुढं. उत्तर ध्रुवाकडे जाणारी जहाजं बर्फात सापडायची आणि बर्फ दोन्ही बाजूंनी आवळत त्यांना अक्रोडासारखं फोडायचा. या जहाजाच्या लोकांनी उलटाच विचार केला. बर्फाशी झुंजायचंच नाही, सरळ त्याच्यात जाऊन बसायचं. पण जहाजाचं पोट असं गोल ठेवायचं की बर्फानं कितीही आवळलं तरी त्याला पकड मिळू नये. आवळलं की जहाज निसटून वर.

"करवंटीगत हाय बघा," भाऊ बोटानं चित्रावरचं तेल पुसत म्हणाले. "ओल्या हातात साबणाची वडी दाबली की कशी वर उडती? ज्यानं ही आखली तो पॅटर्नमेकरच असणार."

"असेल. बसा, पाणी देते."

"पाणी नको. ह्या पानाचा खालचा अर्धा भाग कुठाय?"

खालचा अर्धा भाग कापण्यांबरोबर तिसऱ्या मजल्यावर प्रभावतीबाईंकडे गेला होता. भाऊ तसेच वर गेले. प्रभावतीबाईंनी कापण्या डब्यात आणि कागद ओल्या कचऱ्यात टाकलेला. तुम्हाला सांगते, घरात कधी साधं भांडंही न विसळणारा हा माणूस त्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. प्रभावतीबाई आजही विचारतात, भाऊंची अंगठी सापडली का म्हणून.

खालच्या भागात काय होतं ते मग मला पुढचे आठ दिवस रोज ऐकावं लागलं. ते जहाज खरंच तेरा माणसं घेऊन बर्फात शिरलं, जवळजवळ तीन वर्षं बर्फाबरोबर वाहत राहिलं, आणि धडधाकट बाहेर आलं. आतल्या दिव्यांसाठी त्यांनी वर पवनचक्की लावली होती. आणि बर्फाखालचा समुद्र वाहतो हे त्यांना सुचलं कशावरून? आधीचं एक जहाज सैबेरियाच्या वर चेचलं गेलं होतं. त्याचं सामान तीन वर्षांनी पार दुसऱ्या टोकाला, ग्रीनलंडच्या किनाऱ्याशी सापडलं. त्या सामानात खलाशाची एक मेणकापडाची पॅंट होती.

"एका पॅंटीवरनं, वहिनी! पॅंट इथनं तिथं गेली म्हणजे पाणी जात असणार. पाणी जातंय तर जहाजबी जाईल. डोकं बघा!"

"आमच्याकडे दोरीवरची पॅंट उडून शेजारच्या सोसायटीत गेली तर भांडण होतं. शोध नाही लागत."

"तेच तर म्हणतोय मी," भाऊ गंभीरपणे म्हणाले. त्यांना टोमणा मारणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं.

पण एक वाक्य ते बोलले ते मात्र माझ्या ध्यानात राहिलं. मी म्हटलं, आता कळलं ना जहाज वर आलं ते, झालं तर मग. त्यावर कागदाची घडी करत म्हणाले, "लिहिलंय हो, वर आलं. मी कुठं बघितलंय?"

चौतीस वर्षं या माणसानं ड्रॉइंगमध्ये लिहिलंय तेवढं केलं. दोन अंश ड्राफ्ट म्हणजे दोन अंश. का, असं विचारलं की साहेब म्हणायचे, चौगुले, दिलंय तेवढं करा. आता बासष्टाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा स्वतःचा असा एक प्रश्न पडला होता, आणि तो त्यांनी नव्या चष्म्यासारखा जपून ठेवला होता.

श्रावणात लाकूड आलं. भाद्रपदात गॅलरीतून चपड्याच्या पॉलिशचा वास येऊ लागला. खऱ्या जहाजाची लांबी एकोणचाळीस मीटर, म्हणून याची एकोणचाळीस सेंटिमीटर, शंभराला एक. आतून पोकळ, बाहेरून करवंटी, वर तीन डोलकाठ्या. गणपतीच्या मंडळाची पोरं विचारायला आली, "काका, बाप्पाला जहाजात बसवू, द्या ना." भाऊ म्हणाले, "बाप्पाला बसायला जागा लागती. हे जहाज उठायचं हाय."

त्यांचा मुलगा दिग्विजय हिंजवडीत कॉम्प्युटरवर कामाला आहे. पोरगा गुणी, पण बापाला छळल्याशिवाय त्याचा चहा पचत नाही. तो म्हणाला, "बाबा, पाणी गोठलं की फुगतंच. ते काहीही वर उचलेल. तुमचा गोल, चौकोनी, सगळं. यात जहाजाची काय कमाल?"

मला वाटलं आता भाऊ चिडतील. तर तिसऱ्या दिवशी ते तेवढ्याच लांबीचा, तेवढ्याच जाडीच्या फळ्यांचा, सरळ उभ्या बाजूंचा एक खोका घेऊन आले. त्यालाही एक डोलकाठी लावलेली. "दोन्ही शेजारी शेजारी ठेवायची. पाणी एकच, बर्फ एकच. खोकाबी तेवढाच उठला तर तू म्हणतोस ते खरं." दिग्विजय माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काकू, हे कुठून शिकले हो?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडातून."

तोवर घरात दुसरीच हालचाल सुरू झालेली. दिग्विजयचं लग्न ठरलं, मार्गशीर्षातलं. तो आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, हॉलमध्ये बसून. नवी सून आल्यावर हॉलमध्ये चोवीस तास मीटिंग कशी चालेल? तर गॅलरीला काचा लावून त्याची बसायची खोली करायची असं ठरलं. आणि काचा लावायच्या तर टेबल काढायचं. सावित्रीबाईंनी भाऊंच्या फौंड्रीतल्या जुन्या जोडीदाराला, रंगरावांना, निरोपही धाडला, टेम्पो घेऊन या आणि घेऊन जा ही अवदसा.

भाऊ नुसते टेबलापाशी उभे राहून शिकंज्याचा दांडा फिरवत राहिले, पुढे मागे, पुढे मागे. तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. दुसऱ्या दिवशी मी साखर मागायच्या निमित्तानं गेले. घरात दोन किलो साखर होती माझ्या, पण ते असो.

"अहो सावित्रीबाई, निदान जहाज तरी होऊ द्या पुरं."

"होऊ दे की," त्या पोळी उलटत म्हणाल्या. मग कलथा हातात तसाच धरून गॅलरीकडे वळल्या. "ऐका हो! वर्षाताईंसमोर सांगते. दिवाळीच्या आत जहाज उठलं तर टेबल राहील. नाही उठलं तर टेबल उठेल. मग तोंड पाडून बसायचं नाही."

गॅलरीतून आवाज आला, "कबूल."

"बाबा, विचार करा," दिग्विजय म्हणाला.

"तू काचावाल्याला दिवाळीच्या आधीचा रविवार दे," भाऊ म्हणाले. "सकाळी नऊचा."

आता बर्फ आणायचा कुठून? अख्ख्या बिल्डिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी थंडीत चाकणच्या बाजारातून पोत्यानं मटार आणते, सोलून डीप फ्रीजरमध्ये भरते आणि वर्षभर विकते. गणपतीत मोदक. तो फ्रीजर म्हणजे माझी कंपनी. मी म्हटलं, "जागा देईन. पण मला ड्राफ्टवाला मोदकाचा साचा पाहिजे. आणि पाण्यात मीठ घालायचं नाही." समुद्र म्हटल्यावर भाऊंनी तीन किलो खडेमीठ आणून ठेवलं होतं. ते आम्ही सोळा घरांत वाटून टाकलं.

पहिली वेळ ठरली खंडेनवमीची. त्या दिवशी आमच्या पट्ट्यात लेथला हार असतो, क्रेनला हार असतो, वॉचमनच्या शिट्टीलासुद्धा असतो. भाऊंनी टेबलावर सगळी हत्यारं मांडली, मधोमध जहाज. झेंडू घेऊन रंगराव आले. रंगराव म्हणजे फौंड्रीतले मोल्डर, वाळूचा साचा भरणारे. चाकणजवळच्या एका गावचे. जन्मभर शिफ्ट सांभाळून शेती केली, आता नुसती शेती. या दोघांचं भांडण चौतीस वर्षांचं. पॅटर्न वाळूतून सुटला तर मोल्डरचं कसब, अडकला तर पॅटर्नमेकरची चूक.

"टेम्पो खाली उभा हाय," रंगराव आल्या आल्या म्हणाले. "टेबल आज न्यायचं का जहाज बुडल्यावर?"

"बर्फात बुडत नसतंय."

"तुझा पॅटर्न कवा सुटलाय का सरळ? माझी मनगटं गेली ठोकून ठोकून."

दिग्विजयनं तळवड्याच्या मित्राकडून एक सांगाडा कापून आणला होता. दोन स्टीलच्या उभ्या पट्ट्या, त्यांना खाचा. जहाजाची दोन्ही टोकं त्या खाचांमध्ये बसायची, म्हणजे उठताना ते कलंडणार नाही, नाकासमोर सरळ वर येईल. कल्पना भाऊंचीच. मापं दिग्विजयनं कॉम्प्युटरवर काढलेली, केसाचाही फरक नाही. माझं मोठं लोखंडी घमेलं आलं, त्यात सांगाडा ठेवला. मी नारळ घेऊन तयार. भाऊंनी जहाज दोन्ही हातांत धरून खाचांवर टेकवलं.

गेलं नाही.

फिरवून टेकवलं. गेलं नाही. दिग्विजयनं खिशातून मोजपट्टी काढून लावली. "बाबा, हे तीनशे नव्वद पाहिजे. तीनशे चौऱ्याण्णव आहे."

"अशक्य," भाऊ म्हणाले, आणि मागे वळून भिंतीवरची आपली पट्टी काढली. ती लावली. तिच्यावर बरोबर तीनशे नव्वद. मग ते त्या पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांचे कान लाल झाले.

हसायला सुरुवात रंगरावांनी केली. "आरं देवा! श्रिंकेज पट्टी!"

मला कळेना. रंगरावांनीच डोळे पुसत सांगितलं. तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. आता दर वेळी हिशेब कोण करणार, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात लांब असते. तिच्यावरचा एक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा मोठा. दिसायला तुमच्या आमच्या पट्टीसारखी. चौतीस वर्षं भाऊंचा हात भिंतीवरच्या त्याच खिळ्याकडे गेला होता, जहाजाच्या वेळीही गेला.

"वतायचंय काय जहाज लोखंडात?" रंगराव म्हणाले. "का उत्तर ध्रुवावर गारठून आकसंल म्हणून सोय केलीस?"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. सावित्रीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. भाऊंनी जहाज टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "माझं काम कधी रिजेक्ट झालं नव्हतं." मग हात धुऊन पुरणपोळीला बसले आणि एकच खाल्ली. रंगरावांचा टेम्पो त्या दिवशी रिकामाच गेला. रंगराव स्वतःच म्हणाले, "राहू दे, दिवाळीपातूर मुदत हाय," आणि जिना उतरताना मला म्हणाले, "वहिनी, मी जास्तच हसलो का ओ?"

पुढचे दहा दिवस गॅलरीत शांतता. रंध्याचा आवाज नाही, पॉलिशचा वास नाही. मला स्वयंपाक सुधरेना. एकदा डोकावले तर भाऊ एकेका पटाशीला तेल लावून गोणपाटात गुंडाळत होते. द्यायची तयारी. जहाज टेबलाखाली, उलटं. चार मिलिमीटर घासायला कितीसा वेळ लागतो, असं दिग्विजयनं सुचवून पाहिलं. भाऊ म्हणाले, "टोकं घासली की आकार गेला. आकारासाठीच तर केलंय." नवं करायला महिना हवा, आणि रविवार चार दिवसांवर.

सावित्रीबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "टेबल जाऊ दे हो, पण हे असे बसलेले बघवत नाहीत. तुमची जीभ एवढी चालते, चालवा की जरा."

एवढं आमंत्रण मिळाल्यावर मी थांबते होय? फोडणीची पोळी घेऊन गेले.

"काय भाऊ, जहाज पालथं? ग्रहण लागलंय का?"

"चुकलं माप, वहिनी. सांगाड्यात बसत नाही."

"अगंबाई! म्हणजे त्या नॉर्वेवाल्यांनीपण तळवड्याहून पट्ट्या कापून नेल्या होत्या?"

मी आपली चिडवायला बोलले. पण भाऊंच्या हातातली पटाशी थांबली.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, तिथं जहाज सरळ वर यावं म्हणून दोन्ही टोकांना धरायला कोण उभं होतं? तुमचा दिग्विजय?"

भाऊंनी टेबलाखाली हात घालून जहाज बाहेर काढलं आणि सुलटं केलं. बराच वेळ ते नुसतं हातात तोलत राहिले. मग म्हणाले, "कुणीच नव्हतं."

"मग?"

"तिला कुणी धरलंच नव्हतं. सैल होती म्हणून सुटली. आणि मी तिला पट्ट्यांत आवळून मग बर्फानं सोडावं म्हणतोय." ते उठलेच. "सांगाडा पाहिजेच कशाला? चार मिलिमीटर मोठी तर मोठी. वहिनी, घमेलं रिकामं हाय का?"

"पोळी तरी खा!"

पोळी मीच खाल्ली.

शनिवारी सकाळी सातला आमच्या हॉलमध्ये जहाज पाण्यात पडलं. घमेल्यात एका बाजूला जहाज, एका बाजूला खोका. घमेल्यावर आडवा ताणून एक काळा दोरा बांधला, दोन्ही डोलकाठ्यांना चाटून जाणारा. दोरा जिथं टेकला तिथं भाऊंनी लाल पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली. काठी वर आली तर रेघ दोऱ्याच्या वर जाईल, एवढं साधं. सावित्रीबाईंनी हळदीकुंकू वाहिलं, खोक्यालाही वाहिलं. "त्याचा काय दोष," म्हणाल्या. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते घमेलं फ्रीजरमध्ये मटारांच्या मधोमध उतरवलं. झाकण रविवारी सकाळपर्यंत उघडायचं नाही. त्या दिवशी मी तीन गिऱ्हाइकं परत पाठवली, मटार संपले म्हणून. देव मला माफ करो.

रविवारी आठला सगळे हजर. रंगराव आले, टेम्पो न घेता, मोटरसायकलवर. प्रभावतीबाई आल्या, त्यांना अजून अंगठीचं काहीतरी असेल असं वाटत होतं. माझे यजमान शेखर पायजम्यावरच आले. काचावाला नऊचा होता तो पावणेनऊलाच येऊन टेप हातात घेऊन दारात उभा.

भाऊंनी झाकणाला हात लावला आणि काढून घेतला. "तूच उघड," सावित्रीबाईंना म्हणाले.

सावित्रीबाईंनी झाकण वर केलं. थंड वाफ आली, क्षणभर काही दिसेना. मग त्या वाकल्या, पदरानं वाफ सारली, आणि बोट दोऱ्यापाशी नेलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "उठलं."

मग एकच गर्दी. खोक्याची लाल रेघ दोऱ्याच्या जेमतेम वर होती, भाऊंनी मोजली, दोन मिलिमीटर. आणि त्याच्या दोन्ही बाजू आत दबलेल्या, एक फळी उभी तडकलेली. जहाजाची रेघ अकरा मिलिमीटर वर. किंचित कलंडलेलं, डाव्या कुशीवर, वामकुक्षी घेतल्यासारखं. पण अंगावर ओरखडा नाही. रंगरावांनी डोलकाठी दोन बोटांत धरून टिचकी मारली, तशी ते बर्फातून बोटभर आणखी सुटून त्यांच्या हातातच आलं. खाली गुळगुळीत, करवंटीएवढी पोकळी. फौंड्रीतल्या वाळूसारखी.

दोघं म्हातारे त्या पोकळीत बघत उभे राहिले.

"सुटला रं," रंगराव म्हणाले. "न ठोकता."

भाऊंच्या चष्म्यावर वाफ बसलेली, ती पुसायचंही भान नव्हतं. मग दिग्विजयकडे वळून त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? मी जिंकलो ना, असा? नाही. म्हणाले, "खोका दोन उठला. म्हणजे तुझंबी दोन मिलिमीटर खरं होतं बरं का."

दिग्विजय काचावाल्याला म्हणाला, "दादा, माप घ्या. पण टेबल आतच राहणार. त्याच्यावरून काचा बसवा."

"आणि तू कुठं बसणार?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"टेबल सहा फुटी आहे आई. मला दोन पुरतील."

आता तसंच चालू आहे. एका टोकाला लॅपटॉप, एका टोकाला शिकंजा. मीटिंगमध्ये मागून कानशीचा आवाज आला की दिग्विजयचे साहेब विचारतात, हा आवाज कसला? तो सांगतो, आर अँड डी. सावित्रीबाई सवतीला रोज फडकं मारतात, आणि तुळस परत गॅलरीत आलीय, टेबलाच्या पायाशी. जहाज वरच्या फळीवर आहे. त्याच्या बुडाला भाऊंनी पॅटर्नवर लिहितात तसं लाल रंगात लिहिलंय: फ्राम, श्रिंकेज एक टक्का दिलेले. मला साचाही मिळाला. कळ्या अशा सुटतात की विचारू नका.

परवा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. भाऊ आले, कठड्याला टेकून बराच वेळ रावेतच्या दिशेला बघत राहिले, पवना जिथून येते तिकडे.

"वहिनी, तिथं बंधाऱ्याखाली काही सोडलं तर चिंचवडपर्यंत यायला किती वेळ लागंल हो?"

"काय सोडायचंय?"

त्यांचं लक्ष माझ्या दोरीकडे होतं. "शेखररावांची ती खाकी पॅंट... जुनी झालीय का?"

मी ओली पॅंट तशीच काढून काखेत मारली आणि खाली आले. घरात पंख्याखाली वाळवते आहे.